ठिबकची नळी

नाना, ती नळी मी बसवली होती.

एवढं एक वाक्य तुला सांगायला मला सहा वर्षं पुरली नाहीत. आता तू नाहीस, तर ते पहिल्याच ओळीत लिहून टाकलं. म्हणजे मग मध्येच घाबरून विषय बदलायची सोय राहत नाही. माझी ती सवय तुला माहीत आहे. लहानपणी घरात काही फुटलं की मी लगेच अभ्यासाला बसायचो. मायला वाटायचं, पोरगं काय गुणाचं आहे. तू थोरला भाऊ, तू मात्र माझ्याकडे बघून नुसती मान हलवायचास.

तुझ्या जाण्यावर लोक बरंच काही बोलले. धुळ्याची गॅरेजची ओळ एक दिवस बंद होती. ज्यांच्या गाड्या तू वर्षानुवर्षं सांभाळल्यास ते सगळे आले. त्यातल्या एकाने माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "नानांचा हात इंजिनाला देवासारखा होता, पण ब्रेकचं काम का सोडलं हो त्यांनी?" मी म्हणालो, "काय माहीत." तुझ्या दारात, तुला नेऊन दोन तास झाले नव्हते तेव्हा, मी पुन्हा खोटं बोललो. मला माझीच किळस आली आणि तरी मी त्या माणसाला चहा घेणार का म्हणून विचारलं.

माझी गाडी तूच निवडून दिली होतीस. जुनी, पांढरी, डिझेलवरची. मी एरंडोलच्या शाळेत विज्ञान शिकवतो आणि उरलेल्या वेळात वडिलांच्या रानातली केळी बघतो. दोन्हीकडे जायला गाडी हवी होती. पहिल्याच आठवड्यात तू मला शेजारी बसवून ब्रेक शिकवलास. गाडी बंद ठेव, पेडल चार-पाच वेळा दाब. बघ, कडक झालं. आता पाय तसाच ठेव आणि गाडी चालू कर. मी चालू केली आणि पायाखालचं पेडल अलगद थोडं खाली बसलं. "खाले बसनं ना? मंग बूस्टर जित्ता शे," तू म्हणालास. मला इतकी गंमत वाटली की मी ते आणखी तीनदा करून पाहिलं. तू वैतागलास आणि मग हसलास.

पुढे मी हे वर्गात सांगू लागलो. पायाचा जोर एकटा पुरत नाही, गाडीत एक पंप हवा ओढून घेतो, त्या पोकळीमुळे बाहेरच्या हवेचा दाब आपल्याला मदत करतो. बूस्टर म्हणजे हवेने दिलेला हात. पंपापासून बूस्टरपर्यंत एक जाड नळी असते, ती फुटली किंवा बंद झाली की हवेचा हात सुटतो आणि पेडल दगड होतं. मग मी प्लास्टिकची बाटली तोंडाला लावून आतली हवा ओढायचो. बाटली चपटी व्हायची आणि मुलं खूश व्हायची. नाना, मी दरवर्षी सातवीच्या वर्गात ती बाटली चपटी करून दाखवत होतो. हे मुद्दाम लिहितो आहे, कारण मला माहीत नव्हतं असं म्हणायला मला जागाच नाही.

तुझी कामाची एक रीत होती. गाडी आली की बॉनेट उघडायच्या आधी तू मालकाला विचारायचास, "कोनी हात लाया का?" डॉक्टर विचारतो तसंच, आधी काय औषध घेतलं. लोक लाजायचे, पण सांगायचे. कोणी वायर जोडलेली असायची, कोणी नट फिरवलेला असायचा. तू कधी रागावला नाहीस. तू म्हणायचास, गाडी खोटं बोलत नाही, पण तिला सगळं सांगता येत नाही, तेवढं माणसाने सांगावं. माणसाने नाही म्हटलं की तू त्यावर भरवसा ठेवून पुढचं काम करायचास.

रागावत नव्हतास, पण चिडवायचास. विशेषतः मला. एकदा माझा सायलेन्सर लोंबकळत होता तो मी केळीच्या घडाला बांधायच्या सुतळीने बांधून तुझ्याकडे आणला. वाटेत सुतळी जळाली. त्या दिवसापासून तुझ्या ओळीत माझं नाव "शेतकरी मिस्तरी" पडलं. मी आलो की तू शेजारच्या गॅरेजातल्या रशीदभाईला हाक मारून सांगायचास, "शेतकरी मिस्तरी उना, आज काय बांधी आना ते देखा." सगळे हसायचे. मीही हसायचो. पण मी मास्तर माणूस, गावात लोक मला विचारून फवारणी करतात, आणि इथे चार मिस्तरी माझ्यावर हसतात, हे मला आत कुठेतरी लागायचं. तुला हे कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू एका दिवसात थांबवलं असतंस.

सहा वर्षांपूर्वीच्या वैशाखात उंदरांनी ती बूस्टरची नळी कुरतडली. गाडी रानातल्या शेडमध्ये उभी असायची. सकाळी चालू केली तर पुढून सूंऽऽ असा आवाज आणि पेडल कडक. मी बॉनेट उघडलं, कान लावला, आणि फुटलेली जागा मला सापडली. मी स्वतः निदान केलं होतं नाना. त्या आनंदात मी होतो. शेडमध्ये ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी पडलेली. आपल्याकडे ठिबकच्या नळीचं काय होत नाही सांग. कपडे वाळत घालायची दोरी तिची, कुंपणाच्या तारेवरचं आवरण तिचं, बादलीचा कान तुटला तर तोही तिचाच. मी हातभर तुकडा कापला, टोकं गरम पाण्यात बुडवून मऊ केली, दोन्हीकडे क्लिप आवळल्या. मग तू शिकवलेली परीक्षा घेतली. पेडल अलगद खाली बसलं. मी एकटाच होतो, तरी कोणीतरी बघायला हवं होतं असं वाटलं.

गाडी तेव्हा थंड होती. ठिबकची नळी मातीवर पाणी सांडायला केलेली असते, तापलेल्या इंजिनाशेजारी राहायला नव्हे, आणि आतून ओढ सोसायला तर नव्हेच. हे मी सातवीतल्या मुलाच्या वहीत लाल शाईने लिहिलं असतं.

आठ दिवसांनी मी मायला न्यायला धुळ्याला आलो. माय तुझ्याकडे राहायला आली होती. पहाटे निघालो म्हणून रस्ता गार होता आणि मोकळा होता, ब्रेक फारसा लागलाच नाही. पुढची चाकं किरकिरत होती, म्हणून तू पॅड बदलायला घेतलेस. आणि नेहमीसारखं विचारलंस, "आखो कोठे हात लाया का?"

रशीदभाई तिथेच उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर ते हसू आधीच आलेलं होतं. मी म्हणालो, "नही."

तू एकदा माझ्याकडे बघितलंस आणि कामाला लागलास. मी वर घाईही केली, ऊन वाढायच्या आत निघू म्हणून. तू पॅड बसवलेस, मागची चाकं उघडून साफ केलीस, सर्व्हिस रोडला एक फेरी मारून आलास. इंजिन निवलेलं होतं, पेडल छान होतं. बॉनेट तू उघडलं नाहीस. मी नाही म्हटल्यावर तू कशाला उघडशील?

जेवण करून निघेपर्यंत ऊन डोक्यावर आलंच. पारोळा मागे टाकला आणि पुढे एक ट्रॅक्टर चाऱ्याची ट्रॉली ओढत होता. तो मंद झाला. मी ब्रेक दाबला, लागला. पुन्हा दाबला, लागला. तिसऱ्यांदा पाय ठेवला तर पेडल हलेना. मी दोन्ही पायांनी त्यावर जवळजवळ उभा राहिलो. गाडी बरीच हळू झाली, पण थांबली नाही, ट्रॉलीवर जाऊन आदळली. मायने पुढे हात टेकला होता. तिचं मनगट मोडल्याचा आवाज मी ऐकला.

लोक जमले, मायला सावलीत बसवलं, कोणीतरी गाडी बोलवायला फोन केला. मी बॉनेट वर केलं. माझी नळी पट्टीसारखी चपटी होऊन आतून चिकटली होती. वर्गातल्या बाटलीसारखी, अगदी तशीच. मी बॉनेट खाली पाडलं आणि मायजवळ जाऊन बसलो. म्हणजे जळगावच्या दवाखान्यात तू आलास, त्याच्या कितीतरी आधीपासून मला सगळं माहीत होतं.

तू हात न धुता तसाच आला होतास. मायला बघितलंस, डॉक्टरांशी बोललास, मग माझ्याकडे वळलास. मला काही लागलं का ते आधी विचारलंस. मग म्हणालास, "पेडल खाले गयं, का कडक व्हतं?"

"कडक व्हतं. दगड."

"मंग ते बूस्टरनी लाइन शे. तठे कोनी हात लाया व्हता का?"

नुसतं ऐकून तू बरोबर जागेवर बोट ठेवलंस. मामा होते, काकू होती, माय पलंगावरून बघत होती. तुला वाटलं असेल की आता तरी मी सांगेन. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "आज सकायले ब्रेकनं काम तूच करेल शे ना?"

सगळे तुझ्याकडे बघू लागले. तू भांडला असतास तर मी तुझ्याशी भांडलो असतो, आणि भांडता भांडता कदाचित खरं बाहेर पडलं असतं. तू जाऊन मायच्या पायाशी बसलास. तिने पाय आखडून घेतले.

गाडी ओढून तूच धुळ्याला नेलीस. चार दिवसांनी फोन आला. "गाडी तयार शे. नळी बदली टाकी."

मी म्हणालो, "बरं."

त्यानंतर तू काही वेळ फोन ठेवला नाहीस. पलीकडून कुठल्यातरी गाडीचा आवाज येत होता. मला कळत होतं की तू माझी वाट बघतो आहेस. मी विचारलं, "तिकडे ऊन कसं आहे?" तू म्हणालास, "शे बरंच." आणि ठेवलास. आपण दोघंही जाणून होतो, आणि त्या फोननंतर आपल्यात जे काही बोलणं झालं ते सगळं ऊन-पावसाचंच होतं.

मायने तुझ्या तोंडावर सांगितलं, "तुन्या हातनी गाडी आते नको माले." ती एसटीने धुळ्याला येऊ लागली. तुझ्या दारात तू दुरुस्त केलेली गाडी उभी असायची आणि तू तिला आणायला स्टँडवर रिक्षाने जायचास. जाताना तिची पिशवी घेऊन बसमध्ये जागा धरून द्यायचास. वहिनी सांगायच्या, बस सुटेपर्यंत तू खिडकीखाली उभा असायचास. तिचं मनगट जरा वाकडंच जुळलं. ती भाकरी थापताना मी समोर बसून जेवायचो आणि मला घास जायचा. जायला नको होता, पण जायचा.

आणि मी आणखी एक केलं. मायने माझ्या गाडीत बसावं म्हणून मी ती तुझ्याकडे आणायची बंद केली, जळगावला दुसऱ्या गॅरेजात दाखवू लागलो. तुला सांगितलं की जवळ पडतं. तू म्हणालास, "बरं शे." माझ्या खोट्याने तुझं नाव घालवलं, आणि मग त्या गेलेल्या नावामुळे मी तुझ्या दारात गाडी उभी करेना. एवढं नीट तर मी कुठलं कामही केलं नसेल.

तू ब्रेकची कामं सोडल्याचं मला दिवाळीत कळलं. आलेलं गिऱ्हाईक तू रशीदभाईकडे पाठवायचास. मी स्वतःची समजूत घातली की वयामुळे असेल, खाली वाकायचा त्रास होत असेल. तुला तेव्हा पन्नाशीही लागली नव्हती.

दहाव्यानंतर वहिनींनी मला गॅरेजात पाठवलं, हत्यारं बघून कोणाला काय द्यायचं ते ठरवायला. रशीदभाई येऊन बसले. मी पाने वेगळे करत होतो. त्यांच्याकडे न बघता मी म्हणालो, "रशीदभाई, ती ठिबकची नळी माझी होती."

"मालूम है," ते म्हणाले. "नानांनी ती काढली तेव्हा मी इथंच होतो. मी बोललो, ठेवा, भावाला दाखवा, आईला दाखवा. त्यांनी कचऱ्यात टाकली. बोलले, मी सांगितलं तर चुगली होईल. तो सांगेल."

मी विचारलं, मग ब्रेकचं काम का सोडलं, चूक तर त्यांची नव्हती.

रशीदभाईंनी हत्यारांची पेटी पायाने बाजूला सारली. मग म्हणाले, "मास्तर, तुम्हाला बुरा वाटेल. मीपण हेच विचारलं होतं. तर बोलले, रशीद, गिऱ्हाइकाला विचारतो हात लावला का. तो नाही बोलतो. आणि मला खरं वाटत नाही. मग मी सगळं खोलतो, पुन्हा लावतो, पुन्हा खोलतो. अर्ध्या तासाच्या कामाला दिवस जातो, आणि गाडी गेल्यावर घरी जेवण जात नाही. सख्ख्या भावाने नाही म्हटलं होतं, आता परक्याचं कसं मानू?"

मी हातातला पाना खाली ठेवला. सहा वर्षं मला वाटत होतं की मी तुझं नाव घेतलं, गिऱ्हाईक घेतलं, माय घेतली. त्यापेक्षा जास्त काही घेतलं असेल असं मला सुचलंही नव्हतं. समोरच्या माणसाने सांगितलेलं मानायची जी तुझी रीत होती, जिच्यावर तुझं सगळं काम उभं होतं, ती मी मोडली. आणि कशासाठी, तर चार माणसं दोन मिनिटं हसतील म्हणून.

तसाच उठून घरी आलो. वहिनी भाजी निवडत होत्या, माय भिंतीला टेकून बसली होती. मी दारातच उभा राहून म्हणालो, "माय, ती नळी मी बसाडेल व्हती. नानानी काही चूक नव्हती." मग पहिल्यापासून सगळं सांगितलं, उंदरांपासून फोनपर्यंत. वहिनींचे हात थांबले. त्या उठून आत गेल्या आणि नंतर दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांचा राग मला समजतो. रशीदभाईंना माहीत होतं आणि वहिनींना तू सांगितलं नव्हतंस. तू घरातसुद्धा माझं खोटं सांभाळलंस.

मायने एवढंच विचारलं, "त्याले मालूम व्हतं?"

"व्हतं."

"आन मी सहा वर्स त्यानी गाडीमा बसनू नही," ती म्हणाली. ती रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. वाकड्या हाताने पदर सारखा करत राहिली.

माझ्या मनात एक वेडी आशा होती नाना, तुझ्यापाशी लपवत नाही. मला वाटलं होतं की सांगितलं की हलकं वाटेल. माय दोन शिव्या देईल, मग जवळ घेईल. आपल्या घरात असंच होत आलं आहे. तुला जवळ घ्यायला तिला सहा वर्षं मीच दिली नाहीत, हे मी त्या क्षणी सोयीने विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावी निघायचं होतं. मी गाडी दाराशी आणून पुढचं दार उघडून ठेवलं. माय आली, वहिनींच्या पाठीवरून हात फिरवला आणि गाडीला वळसा घालून रस्त्यावर गेली. मी म्हणालो, "माय, बैस ना." तिने रिक्षाला हात केला.

"मी एस्टीमा जासू," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तुला ज्या आवाजात सांगितलं होतं, त्याच आवाजात.

स्टँडवर तिला जागा धरून द्यायला कोणी नव्हतं. मी पोहोचेपर्यंत ती गर्दीतून चढून खिडकीशी बसली होती. बस सुटली आणि मी गाडी तिच्या मागे लावली. पुढे जायचा धीर झाला नाही. बस थांब्याथांब्यावर थांबत होती, आणि प्रत्येक वेळी मीही मागे ब्रेक दाबून थांबत होतो. पारोळ्याला माणसं उतरली, तिच्या शेजारची जागा रिकामी झाली. बसच्या मागच्या काचेतून मला माय सरळ दिसत होती. बस पुन्हा निघेपर्यंत तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.